बोलणारं लाकूड

गिटार घ्यायला सासऱ्यांना सोबत नेणारी बाई आमच्या शेवगाव तालुक्यात मीच पहिली असेन. आणि मनासारखी गिटार मांडीवर असताना ती परत ठेवून रिकाम्या हातानं घरी येणारीही मीच. पहिल्या गोष्टीचं लोकांना हसू येतं. दुसरीचा मला अजून राग येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी आमच्या एक मॅडम बदली होऊन गेल्या, तेव्हा सामानात बसेना म्हणून त्यांची जुनी गिटार मला देऊन गेल्या. मोबाईलवर बघून बघून मी शिकले. हळूहळू पुस्तकातल्या कविता पोरांना गिटारवर म्हणून दाखवायला लागले. चाळिशीच्या बाईला हे काय खूळ लागलं, म्हणून गावानं वर्षभर चघळलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. पण ती गिटार प्लायची होती. तिची मान वाकली. तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबून दाबून बोटांची सालं निघायची, आणि आवाज यायचा तो रिकाम्या डब्याचा.

मला अख्ख्या लाकडाची एक गिटार हवी होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या घरात मी मिक्सर घेतला, फ्रीज घेतला, पोराला सायकल घेतली, विहिरीवरची मोटर जळली तेव्हा त्यातही माझा पगार गेला. फक्त माझी अशी वस्तू एकही घेतली नाही. ही घ्यायचीच, असं मी ठरवून टाकलं होतं.

ठरवणं सोपं होतं. शेवगावच्या दुकानात गिटारी दप्तरांच्या आणि क्रिकेटच्या बॅटींच्या मधोमध टांगलेल्या. मी विचारलं, "ही अख्ख्या लाकडाची आहे की प्लायची?" तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, लाकूडच हाय की. प्लास्टिक थोडंच हाय?" मोबाईलवर शोधावं तर जी परवडते तिची पुढची फळी खरी आणि पाठ प्लायची. पाठही खरी असली तर किंमत अशी की त्यापेक्षा दारात दुभती म्हैस बांधावी. एकदा धीर करून एक मागवली. खोकं उघडलं तर लाकडाच्या रेषा छापलेला कागद वरून चिकटवलेला, कोपऱ्यात सुटायलाही लागलेला. ती परत पाठवता पाठवता माझे तीन आठवडे गेले.

एवढ्या खटाटोपात मी एकच गोष्ट शिकले. गिटारीच्या पोटाला जे गोल भोक असतं, त्याच्या कडेला बघायचं. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर लाकूड अखंड. कडेला थर दिसले तर प्लाय. दोन वर्षं मी गिटार दिसेल तिथं भोकात डोकावत फिरले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या माणसाच्या गिटारीतसुद्धा डोकावले, तर तो बिचारा दोन पावलं मागं सरकला.

मग नगरच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. पाटीवर आता अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडातून नगर काही जात नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, "पूर्ण लाकडाची एकच आहे. पॉलिशला डाग राहिलाय म्हणून कमी किमतीत काढायचीय." किंमत माझ्या साठवणीत बरोबर बसत होती. मी म्हटलं, रविवारी येते.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "आबांना घेऊन जा. एवढी मोठी वस्तू एकटी कशी घेशील?"

आमच्याकडं हे असंच आहे. बैल असो, म्हैस असो, दाराची चौकट असो, सासऱ्यांनी पाहिल्याशिवाय पैसा बाहेर निघत नाही. घोडेगावच्या बाजारात आजूबाजूच्या गावची माणसं आबांना सोबत न्यायची; दात बघायला, चाल बघायला आणि मुख्य म्हणजे भाव पाडायला. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी गेली, आणि आता पोळ्याला आम्ही मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवतो. तेव्हापासून आबांना कुणी बाजाराला बोलावलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ते "बघू" एवढंच म्हणाले. संध्याकाळी पाहते तर टोपी धुऊन दोरीवर वाळत घातलेली.

एसटीत त्यांनी मला नियम सांगितले. गावात सगळे मला बाई म्हणतात, तसे तेही म्हणतात. "बाई, ध्यानात ठेव. पसंत पडलं तरी तोंडावर दाखवायचं न्हाई. चांगल्याला चांगलं म्हनायचं न्हाई. अन् मी उठलो की तू बी उठायचं. उठल्याबिगर भाव मोडत न्हाई."

"आबा, तिथं भाव ठरलेला असतो."

"ठरलेला भाव फकस्त मेलेल्या बैलाचा," आबा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

दुकानदार पन्नाशीचा होता. चष्मा नाकावर ओढून एका गिटारीच्या तारा बदलत बसला होता. भिंतीवर वीसेक गिटारी टांगलेल्या. मी तोंड उघडायच्या आत आबा भिंतीपाशी पोहोचले आणि माठ घेताना बघतात तसं बोटाच्या पेरानं एकेक वाजवून बघू लागले.

"मुकं," ते म्हणाले. पुढचीवर टिचकी मारली. "मुकं. हे बी मुकं."

दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कोपऱ्यातल्या एकीपाशी आबा थांबले. पुन्हा वाजवलं, कान जवळ नेला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हे बोलतंय."

मी भोकात डोकावले. रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या होत्या. तीच ती डागाची गिटार. दोन वर्षं डोळे फोडून मला जे कळलं होतं, ते या माणसाला एका टिचकीत कळलं. त्या क्षणी मला आबांचा इतका अभिमान वाटला की दुकानदाराला सांगावं, हे माझे सासरे आहेत म्हणून.

मी स्टुलावर बसून वाजवली. तार छेडली की पोटाला टेकलेली तिची पाठ थरथरायची. गिटार अशी अंगाला कळते, हे सहा वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. ओळखीचेच सूर होते, पण पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकू आले. मला ती हवी होती. ते तोंडावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

आणि आबांचा बाजार सुरू झाला.

"डाग हाय," आबा म्हणाले.

"हो बाबा, म्हणूनच कमी किंमत लावलीय," दुकानदार म्हणाला.

"मान बारीक हाय."

"मान एवढीच असते."

"आमच्याकडं ऊन लई. उन्हाळ्यात तडकंल."

"कोरड्या हवेत जपावं लागतं, खरंय. पेटीत ओला स्पंज ठेवायचा."

"म्हंजी रोज पानी बी पाजायचं व्हय?" आबा म्हणाले. "बरं, शेवटचं सांगा."

"चिठ्ठीवर लिहिलंय तेच."

त्यावर आबांनी दुकानदाराचा हात धरला, खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबायला लागले. बैलांच्या बाजारात भाव असाच करतात, कापडाखाली, चारचौघांना कळू नये म्हणून. दुकानात आम्ही तिघेच होतो. दुकानदारानं दचकून हात ओढून घेतला. उपरणं खाली पडलं.

"बाबा, इथं तसलं चालत नाही," तो म्हणाला. वाईट नाही बोलला, पण बोलला.

आबांनी उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं. "चल, बाई," म्हणाले आणि दाराकडं निघाले.

मी उठले.

पगार माझा, गिटार माझी, बोटं माझी. वर्गात चाळीस पोरांना नुसत्या नजरेनं खाली बसवणारी मी, सासरे उठले म्हणून उठले. परक्या माणसापुढं मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे एकोणीस वर्षांत अंगात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायच्या आधीच पाय निघाले. गिटार मी दुकानदाराच्या हातात दिली.

समोर चहाची टपरी होती. आबा दुकानाकडं तोंड करून बसले. "आता बोलावतोय बघ." चहा आला, संपला. "आनखी एक सांग." दुसराही संपला. मग दुकानदार बाहेर आला. आबांनी कप खाली ठेवला आणि उपरणं सारखं केलं. त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि स्कूटरवर बसून जेवायला गेला. शटरवर लिहिलं होतं, चार वाजता उघडेल.

"चारपर्यंत थांबू या," मी म्हटलं.

"थांबलो तर गरज दिसंल. त्याचाच फोन येतोय बघ तुला."

येताना एसटीत मी आबांच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" जेवणं चालली होती, सगळे बसलेले. मी म्हटलं, "आबा, तुमचा बाजार कधीच उठलाय. तुम्हाला तेवढं कळलं नाही, आणि नुकसान माझं झालं."

आबांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

सोमवार, मंगळवार मी फोन केला नाही. आपण कशाला करायचा, गिऱ्हाईक हवं असेल तर त्यानं करावा, असं मनाशी म्हणत राहिले. म्हणजे नावं आबांना ठेवायची आणि चालायचं त्यांच्याच नियमानं. बुधवारी मधल्या सुट्टीत राहवलं नाही.

"मॅडम, ती सोमवारीच गेली," दुकानदार म्हणाला. "आणि काल तुमचे बाबा येऊन गेले की. सांगितलं नाही तुम्हाला?"

मंगळवारी आबा डोळे तपासायला पाथर्डीला जातो म्हणून सकाळच्या गाडीनं गेले होते.

"दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले," तो सांगत होता. "म्हणाले, चिठ्ठीवरचा भाव घ्या, पण ते बोलणारं द्या. मी म्हटलं, गेली हो. मग पुन्हा सगळ्या भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या. दिवाळीच्या आत नवीन माल येईल, पण महाग पडेल, असं मी सांगितलं. तर म्हणाले, पडू द्या, आमच्या बाईंना एक ठेवा."

मी शाळेच्या व्हरांड्यात फोन धरून उभी राहिले. मागितला तो भाव आबांनी जन्मात कुणाला दिला नव्हता. मंडपवाल्याला नाही, वैदूला नाही, माझ्या लग्नातल्या बँडवाल्याला तर नाहीच. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी मला हलता येईना. तीन दिवस धरून ठेवलेला राग आता ठेवायचा कुठं, तेही कळेना.

संध्याकाळी आबा ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी चहा दिला आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"डोळ्यांचं काय म्हणाला डॉक्टर?"

"दिसतंय म्हनला अजून."

आम्ही शेंगा सोलत राहिलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "आबा, रविवारी मी बोलले ते बोलायला नको होतं."

"खोटं काय बोललीस त्यात?" आबा म्हणाले. मूठभर मूग सुपात टाकले. "दिवाळीच्या आत माल येतोय म्हनला त्यो."

बोलून गेल्यावर पाथर्डीचं बिंग फुटल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मान आणखी खाली घालून ते शेंगा निवडायला लागले. मला हसू आलं नाही. दिवाळी लांब होती, नव्या मालातली एखादी तरी बोलेल याची खात्री नव्हती, आणि घरात ती वाकल्या मानेची तशीच होती.

"येऊ द्या," मी म्हटलं. "दोघं मिळून जाऊ."

"जाऊ की. पन एक ध्यानात ठेव, बाई."

"काय?"

"मी उठलो तरी तू उठू नगं."