हिरवा लेझर
सोल्डरिंगचा वास आला की मला बोरीतली माझ्या मित्राची पत्र्याची खोली आठवते. गणपतीच्या आराशीसाठी आम्ही दोघं तिथं रंगीत लेझर प्रोजेक्टर बनवत होतो. तांबडा आणि निळा लेझर आला होता, हिरवा तेवढा निवडायचा होता. मित्र म्हणाला, "फिल्टरवालाच घेऊत. बिनफिल्टरच्यातून न दिसणारा उजेड बी निघतो, डोळ्याला लय वाईट." पण तो यायला महिना लागणार होता आणि गणपती आठ दिवसांवर होते. "काई होत न्हाई," म्हणत मीच बिनफिल्टरचा मागवला. भर दुपारी खिडकीला घोंगडी लावून आम्ही तो जोडला. आरसा बसवताना किरण उलटून मित्राच्या उजव्या डोळ्यात गेला. तो नुसता डोळा चोळत राहिला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या डोळ्याची मधली नजर गेली, ती आता परत येणार नाही. बाहेरच्या बाकावर मला रडू फुटलं, तर तोच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रडू नको. मी बी हो म्हणलो होतो की." तो हो म्हणाला नव्हता. गावात कुणी विचारलं की तो आजही तेच सांगतो, आणि शेजारी उभा असलेला मी ते गुमान ऐकून घेतो.