क्लच कोणी उघडला नव्हता

ती जीप ठाण्याच्या आवारात उभी होती, ते दिवस माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. मी तेव्हा नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कायदा पाठ होता, पण गाडीचे बॉनेट कधी उघडले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

फौजी लिलावातली ती जुनी जीप यवतमाळजवळच्या एका शेतकऱ्याची. दसऱ्याआधी त्याने लोहाऱ्यातल्या एका मिस्तरीकडून तिच्या ब्रेकचे आणि क्लचचे काम करून घेतले होते. दोन्ही तेलाच्या दाबावर चालणारे. दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याचा धाकटा भाऊ उतारावर गाडी चालवत असताना ब्रेकचे पेडल तळाला गेले आणि जीप बाभळीवर आदळली. भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोठ्या भावाने मिस्तरीविरुद्ध तक्रार दिली.

त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या मिस्तरीनं जुनेच रबर घातले साहेब, म्या डोयानं पाह्यलं."

मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालातही ब्रेकमधले, तेलाचा दाब धरणारे रबर खराब असल्याची नोंद होती. दोन गोष्टी जुळल्या, आणि मला प्रकरण संपल्यासारखे वाटले. भरदुपारी ठाण्याच्या गाडीतून मिस्तरीला आणले. हवालदाराला अटकेचे कागद तयार करायला सांगितले. हवालदार जुने होते. ते म्हणाले, "घाई नका करू साहेब. पयणारा माणूस पान्हा हाती घेऊन येते का?" खरोखरच मिस्तरीच्या हातात पान्हा तसाच होता.

चौकशीत मी तेच ते विचारत राहिलो.

"रबर जुने होते ना?"

"नवे होते."

"मग खराब कसे झाले?"

"ते मले काय माहीत? तुमी क्लच खोलला का?"

"तक्रार ब्रेकची आहे."

"म्हणूनच म्हणतो. दोन्ही एकाच दिवशी खोलले साहेब. रबर एकाच खोक्यातले, तेल एकाच डब्यातलं. माह्या हातचं खराब असन, तर क्लचही खराब पाह्यजे. पाहा ना, भेता काहून?"

राग आला, तरी अटकेचे कागद थांबवले आणि मिस्तरीला रात्रभर ठाण्यातच बसवले. दुसऱ्या दिवशी निरीक्षकांना पुन्हा बोलावले. पंचांसमोर आणि फिर्यादीसमोर क्लच उघडला. त्याचे रबर कोरे निघाले. ब्रेकचे फुगून मऊ झाले होते. निरीक्षकांनी दोन्हीकडचे तेल पाण्याच्या दोन ग्लासांत सोडले. क्लचचे पाण्यात मिसळून गेले. ब्रेकचे वर तरंगत राहिले.

"ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते," निरीक्षक म्हणाले. "यात मागाहून कोणीतरी दुसरेच तेल ओतले आहे. रबर त्यानेच फुगले."

फिर्यादीने तरंगणारे तेल बोटाला लावून पाहिले.

"ट्रॅक्टरच्या लिफ्टचं हाय ते," तो म्हणाला. "दसऱ्याले गाडीची पूजा करतो आमी. त्याच्याआधी तेलाच्या साऱ्या डब्या काठोकाठ भरतो. पूजेत काही उणं नको. ब्रेकची डबी जराशी उतरली होती."

"आणि क्लचची?"

"ते भरेलच होती." मग खालच्या आवाजात म्हणाला, "भावाले सांगू नका साहेब."

ते माझ्या हातात नव्हते. जबाब मी स्वतः लिहून घेतला. भावाला त्यानेच सांगावे म्हणून एक दिवस थांबलो. ते थांबणे बरोबर होते का, हे अजून ठरवता आलेले नाही.

मिस्तरीला मात्र लगेच म्हणालो, "जा घरी." तो उठला नाही.

"आणताना दुकानाच्या साऱ्या लायनीनं पाह्यलं साहेब. सोडल्याचं कोणाले दिसन?"

त्याच गाडीत बसवून, तशाच भरदुपारी त्याला नेले. दुकानांसमोर उभा राहून चार वाक्यांत सांगितले की याचा दोष नाही. शेजारचा टायरवाला लगेच म्हणाला, "आमाले माहीतच होतं साहेब."

"मंग काल कोठी गेलता बे?" मिस्तरी म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही, कामाला लागला. तो निनावी फोन कोणाचा होता, ते मात्र कधी कळले नाही.

तक्रार ज्या भागाची असते तेवढाच भाग आपण उघडतो, हे मला त्या प्रकरणात कळले. आणि दुसरे असे की, माणसाला आणायला पोलिसांची गाडी जाते, पण सोडताना एक सही पुरते. पुढे नोकरीभर, ज्यांना उगाच आणले त्यांना सोडायला मी स्वतः जात राहिलो. सगळ्यांच्या दारी वेळेवर पोचलो, असे मात्र म्हणता येत नाही.