टँकरच्या रांगेतलं वाचनालय

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळात मी शिरूर अनंतपाळला वाचनालय सांभाळत होतो. पाहणीचे साहेब आता लातूरहून येणार होते आणि वाचक दिसले तर वाचनालयाचा सरकारी वर्ग आणि त्याबरोबर अनुदान वाढणार होतं. पुस्तकं होती, कपाटांना काचा होत्या, काचांना कुलपं होती. जिना चढून, चपला काढून, दोन सभासदांची शिफारस घेऊन कुणीही यावं. कुणी येत नव्हतं.

आणि माझ्या खिडकीखाली, टँकर थांबायचा तिथल्या कडुलिंबाखाली, बौद्ध वस्तीतली नवी मास्तरीण विहारातली पुस्तकं बाजेवर मांडून बसायला लागली. तिनं एवढंच हेरलं होतं की आपल्याकडे रांगेत घागरी उभ्या राहतात, बायका सावलीला बसून असतात. पुस्तक ती सरळ हातात द्यायची. शिफारस नाही, सही नाही. एकीला अक्षरं लागायची, बाकीच्या ऐकायच्या. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं. ग्रंथपाल मी आणि गर्दी हिच्या बाजेपुढं! मी वर बसून घडी घातलेला पेपर मोडायचो आणि पुन्हा घडी घालायचो.

एक दिवस मजा झाली. धूळ नको म्हणून कुणा बाईनं पुस्तक आपल्या रिकाम्या घागरीत ठेवलं होतं. टँकर आला, झुंबड उडाली, पाइप सुटला आणि पुस्तकासकट घागर भरली. खालचा गलका ऐकून मला वर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाटा अजून फुकट, म्हटलं. आता ही बया डोक्याला हात लावणार.

ती हसली! म्हणाली, "पुस्तक वाळंल, बाई. पाणी सांडू नका, लई मुश्किलीनं आलंय." मग सगळ्याच हसल्या. तसं हसू माझ्या वाचनालयात कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ते जास्तच झोंबलं.

संध्याकाळी घरी आलो, तर ते पुस्तक आमच्याच दोरीवर, मधोमध उघडून वाळत घातलेलं. घागर आमची होती तर! आई दोरीशी उभी राहून, ओल्या पानावर बोट फिरवत, एकेक अक्षर लावत होती. माहेरी ती थोडी शाळा शिकलेली, हे मला माहीत होतं. पण तिच्या हातात पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तिच्याकडूनच आणायचं होतं? हेच पुस्तक माझ्याकडं आहे. कोरं करकरीत."

"हाय का?" आईनं ओळीवरचं बोट काढलं नाही. "तू कवा इचारलं न्हाईस बाबा, आई, वाचतीस का म्हून. तिनं इचारलं."