इराच्या भाषणात घुसवलेले वेद

मंडळी, आज मी भयंकर चिडलोय, आणि ज्यांच्यावर चिडलोय ते याच ग्रुपात आहेत.

आमची इरा इथे जर्मनीत कोलोनला आठवीत आहे. आज वर्गात तिचं भाषण होतं: आइस हॉकी नेमकी कुणाची? कॅनडातली गावं त्यावरून आपापसांत भांडतात, इंग्लंड म्हणतं आमची, आणि जुन्या डच चित्रांतही बर्फावर काठ्या घेतलेली माणसं दिसतात. पोरीने सगळं वाचून शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'नक्की कोणालाच माहीत नाही.'

रविवारी मंडळाच्या जेवणात आपले नानाकाका तिला म्हणाले, "अगं, हा खेळ वेदांतला. बिनधास्त सांग, तुझा बाबा संस्कृतवाला आहे." तिने मला न विचारता ते वर्गात सांगितलं. काका थापा मारतील असं तिला वाटलंच नाही.

बाईंनी विचारलं, कुठल्या वेदात? वर्ग हसला. घरी येऊन तिने मला जर्मनमध्ये विचारलं, "पापा, वो श्टेट दास?" कुठे लिहिलंय ते?

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मग आता माझं बाकीचंही कोणी खरं मानणार नाही."

काकांना फोन केला. "अहो, पोरांना अभिमान वाटावा म्हणून हो."

काका, सिंधूकाठच्या ऋषींना तुम्ही खुशाल स्केट्स घाला, ते बिचारे तक्रार करणार नाहीत. पण अभिमान वाटावा असं काम या पोरीने स्वतः केलं होतं. ते तुम्ही मातीत घातलंत.

उद्या ती वर्गापुढे ते वाक्य मागे घेणार आहे. मंडळी, खरं तर ते कोणी मागे घ्यायला हवं?