वर्दी सोडलेले भास्करभाऊ

भास्करभाऊ कुणाच्याही दारात आले की कडी वाजवायच्या आधीच मोठ्यानं म्हणायचे, "काई झालं नाई हो, असाच आलो!" मेहकरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकून मी गोंधळलो. काही झालंय असं कोणी म्हटलं होतं? पुढं कळलं, ते अकरा वर्षांपासून पोलिसात शिपाई होते. रस्त्यावर अपघात झाला की मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन सांगायचं काम साहेब त्यांच्यावरच टाकत, कारण ते हळू बोलत. शेवटी शेवटी साधं समन्स घेऊन गावात शिरले तरी ओट्यावरच्या बायका धसकून उभ्या राहायच्या.

बाराव्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागले. खामगावहून सरकी, मेहकरहून सोयाबीन. कधी गुजरात, कधी तेलंगणा. आमच्याकडे पोरं पोलीस भरतीसाठी वर्षानुवर्षं मैदानावर धावतात. भरती झालेला माणूस ट्रकवर गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. कोणी म्हणे निलंबित झाला असेल, कोणी म्हणे डोकं फिरलं. त्यांची बायको, सुनंदावहिनी, चार महिने त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. "सर, तुम्हीच इचारा त्याईले," मी शाळेत मास्तर म्हणून त्या मला म्हणायच्या, "सरकारी नोकरी काऊन सोडली? मले त उत्तरच देत नाईत."

मी विचारलं. एकदा नाही, कितीदा तरी. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, "पोलिसात लोक मले भेत. ट्रकवर मी लोकाईले भेतो. मले हेच झेपते." पुढच्या खेपेला घाटात ब्रेक लागेना म्हणून मरता मरता वाचून आले, तेव्हा म्हणाले, "ठाण्यात बरं होतं सर. तिथं चूक झाली त साहेब बोलते. इथं चूक झाली त बोलाले कोणी उरत नाई." मग परत जावंसं वाटतं का, असं विचारलं की नुसती मान हलवायचे. ती मान हो म्हणते की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मग ते चिखली रस्त्यावरचं प्रकरण झालं. भर दुपारी त्यांच्या पुढं चाललेला एक मोटारसायकलवाला खडीवरून घसरला. भास्करभाऊंनी ट्रक थांबवला, धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लोक जमले. उभा ट्रक, पडलेला माणूस आणि शेजारी ड्रायव्हर, एवढं पाहून त्यांनी काय ते ठरवून टाकलं आणि भास्करभाऊंना बदडून काढलं. डाव्या कानाचा पडदा फाटला. पोलीस आले, त्यांतला एक शिपाई त्यांचा जुना सहकारी निघाला. त्यानंच त्यांना गर्दीतून ओढून जीपमध्ये घातलं. घसरलेला तरुण शुद्धीवर येऊन "माझा मीच पडलो" म्हणाला, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

मी दवाखान्यात गेलो. त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "आता तरी पटलं ना, वर्दीच बरी?"

"वर्दी असती त कोणी हात लावला नसता, हे खरं," ते म्हणाले. "पण वर्दीत असतो त त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं, का अगोदर गर्दी हटवत बसलो असतो? पडल्या पडल्या हाच इचार करून राह्यलो, सर."

त्याच वर्षी माझी मुलगी प्रांजली पोलीस भरतीत निवडली गेली. घरात पेढे आले आणि त्यांना वर्दीच बरी म्हणणाऱ्या माझीच झोप गेली. भास्करभाऊ तिला अडवतील अशा आशेनं मी तिला त्यांच्याकडे नेलं. तिनं सरळच विचारलं, "काका, पोलीस बरं का ट्रक?"

त्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. "खरं सांगू बेटा? मले अजून समजलं नाई. तिथं दुसऱ्याचं मरण पाह्यलं, इथं आपलं पाह्यलं. तिथं मान होता, इथं मोकळं वाटते. आता यातलं कोणतं मोठं, कसं सांगू?" मग म्हणाले, "नोकरी सोडली तवा मले कोणासंगच बोलता आलं नाई. तुले सोडावीशी वाटली त आधी मले फोन कर. सोडू नको म्हणनार नाई. सोड, असंही म्हणनार नाई."

मी मनातून चिडलो. हा काय सल्ला झाला? प्रांजली मात्र हसत घरी आली आणि थोड्याच दिवसांत प्रशिक्षणाला निघून गेली.

दोन वर्षांनी भास्करभाऊ गेले. रस्त्यावर नाही, घरीच. दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. प्रांजली ड्यूटीवरून तशीच वर्दीत आली आणि सुनंदावहिनींच्या गळ्यात पडून रडली. शेजाऱ्यासाठी एवढं रडणं मला समजेना. घरी आल्यावर मी विचारलं, "तू त्यांना खरंच फोन केला होतास?"

"चारदा."

आम्हाला तिनं एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. "काय म्हणायचे?"

"'थांब बेटा, गाडी बाजूले घेऊ दे,' म्हणायचे. मग नुसते ऐकायचे. सल्ला एकदाही दिला नाही, बाबा. माझं बोलून झालं की विचारायचे, 'जेवली का?'"

म्हणजे चार वेळा माझी मुलगी नोकरी सोडायला निघाली होती, आणि चारही वेळा कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी एक ट्रक थांबला होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघताना तिनं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि माझ्याकडे पाहिलं. जा म्हणावं की राहा, मला ठरवता येईना. मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "बोल."