डुप्लिकेटचा गाल

पहिली थप्पड कॅमेरा सुरू होण्याआधीच बसली.

"हात कुठवर पोचतो ते बघत हुतो," आबा म्हणाले आणि हसले. त्यांच्यासोबतची माणसंही हसली.

शिरूर कासार तालुका कोरडा. ऊस थोडाच, आणि जो आहे त्यातला बराचसा आबांचा. त्यांच्या फडात विलायतेच्या एका टीव्ही मालिकेचं शूटिंग होतं. जागा दिली म्हणून आबांना जमीनदाराचं काम मिळालं. ऊसतोड मजूर झाला होता लंडनहून आलेला नट. मी त्याचा डुप्लिकेट. बांधा सारखा, म्हणून. जमीनदार मजुराला मारतो त्या शॉटमध्ये मजुराची फक्त पाठ दिसणार होती. ती माझी.

माझे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. मी कॉलेजपासून नाटकं करतो. रंगमंचावर थप्पड लागत नाही. मारणारा हात गालापासून वीतभर अंतरावर थांबवतो. खाणारा मान झटकतो आणि कुणाला दिसणार नाही अशी टाळी वाजवतो. सकाळी मी आबांना हे करून दाखवलं होतं.

"किसन्याचं पोरगं मला हात उचलायला शिकवतंय व्हय बे?"

किसन माझे वडील. हंगाम संपला की ते आबांच्याच रानात मजुरी करतात.

मी शिकवणं तिथंच सोडलं. दुसऱ्या दिवशी माझा एक सीन होता. चेहऱ्यासकट. एक वाक्य. चार वर्षं ऑडिशन दिल्यावर मिळालेलं पहिलं.

लंडनच्या नटाचे आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले. जेवताना त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं : टीव्हीवर तो आधी दुकानदार झाला, मग टॅक्सीवाला, मग चोर, मग पुन्हा दुकानदार. पात्राला नाव मिळायला दहा वर्षं लागली. मुख्य भूमिका ही पहिलीच. मला तो आवडला होता.

कॅमेरा सुरू झाला. आबांनी पूर्ण ताकदीने मारलं. दिग्दर्शकाला आवाज आवडला. पुन्हा एकदा. तिसऱ्या थपडेला कान वाजायला लागला.

सहायक दिग्दर्शक जवळ आला. "उद्याचा सीन पाहिजे ना? मग सोस."

मी नटाकडे पाहिलं. तो छत्रीखाली बसून सगळं पाहत होता. उठून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मैंने भी बहुत सहा है. सह लो."

तो खरं बोलत होता. म्हणूनच मी घाबरलो. आणखी दहा वर्षांनी मीही छत्रीखाली बसलेला असेन आणि कुणाला तरी हेच सांगेन.

चौथ्यांदा हात आला. मी मनगट धरलं.

"आबा, हात इथं थांबवायचा."

"सोड बे."

"आधी जमू द्या. मग सोडतो."

या वेळी कुणी हसलं नाही. दिग्दर्शक कट म्हणेपर्यंत मी मनगट सोडलं नाही.

माझा सीन गेला. वाक्य दुसऱ्याने म्हटलं.

घरी वडील म्हणाले, "आबांचा हात धरलास? आता काम कोण देईल आपल्याला?"

"त्यांनी मला का म्हून मारलं, हे न्हाई इचारलं तुमी."



मी अजून ऑडिशन देतो. मार खाणाऱ्याचं काम आलं तर करीन, चोख करीन. मार खाणार नाही. एका वाक्यासाठी मी तीन थपडा खाल्ल्या. पुढच्या वेळी पहिल्याच थपडेला हात धरीन.