पाचवी बट

“काका, हा केस जितेपणी काढला का मेल्यावर, ते सांगा पयले.”

भंडाऱ्याच्या स्टेशनरीच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाई विचारत होत्या. त्यांच्या हातात शाळेतली मुलं वापरतात तसला साधा ब्रश होता आणि तो त्यांनी मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा दोन बोटांत धरला होता.

दुकानदारकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, ब्रश आहे तो. कोंबडी नाही.”

“पण केस कोणाचा?”

“डब्यावर खार लिहिली आहे. मी काही तिच्या बारशाले नव्हतो गेलो.”

“अरे बाप्पा! खार म्हणजे रामाची ना जी? आमच्या घरी अंडंबी चालत नाही.”

“मंग हा नायलॉनचा न्या. नायलॉन प्युअर व्हेज.”

बाई नायलॉनचा ब्रश घेऊन समाधानाने गेल्या. मी तिथे वीसेक मिनिटं उभी होते. मला दुकानात काही मागता येत नाही. मागायचं वाक्य मी आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग त्याचं मराठी करते, आणि तोवर माझ्या मागून आलेला माणूस वस्तू घेऊन गेलेला असतो.

घरी सांगून आले होते की बँकेच्या परीक्षेची मॉक टेस्ट आहे. गेल्या वर्षी मी त्या परीक्षेत नापास झाले तेव्हा बाबा रागावले नाहीत. त्यांनी माझी रंगांची पेटी उचलून कपाटावर ठेवली आणि विचारलं, “पास होईपर्यंत हात नाही लावणार ना?” मी “नाही” म्हटलं. रागावले असते तर मी शब्द मोडायला जरा मोकळी राहिले असते.

चार महिने खरंच हात लावला नाही. मग पुण्याहून एका बाईंची मेल आली. त्या लहान मुलांची पुस्तकं काढतात. मी कधीतरी नाव न घालता फोनवरून नेटवर टाकलेलं एक चित्र त्यांनी पाहिलं होतं. त्यांना नमुन्याचं एक पान हवं होतं: धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत उभी असलेली सारसांची जोडी. पान आवडलं तर अख्खं पुस्तक माझं. महिनाअखेरपर्यंत पाठवायचं. मी लगेच हो कळवलं. मेलमध्ये मी फार धीट आहे.

कंपासपेटीत लपवलेल्या रंगाच्या सहा वड्या आणि एक सिंथेटिक ब्रश एवढ्यावर दुपारी, सगळे लवंडले की, माझं काम सुरू व्हायचं. सारसाचं अंग जमलं, मानेवरचा लाल जमला, बांधीतलं पाणीही जमलं. पाय जमेनात. सारसाचा पाय म्हणजे वरून खाली एका दमात ओढलेली एकच रेघ. ब्रशचं टोक वाकून आकडा झाला होता, त्यामुळे गुडघ्याखाली दरवेळी एका रेघेच्या दोन होत. माझ्याजवळ अकरा सारस झाले होते आणि सगळे फाटे फुटलेल्या पायांवर उभे होते.

“तुले काय पाहिजे बेटा?” काकांनी विचारलं.

“टोक,” मी म्हणाले. तयार केलेल्या वाक्यातलं एवढंच बाहेर आलं.

काकांना तेवढं पुरलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “हे पाह्य, नायलॉनचं टोक मशीन काढते. महिनाभर सुईसारखं राहते, मंग वाकते. अन् पोटात पाणी धरत नाही. असली केस पोटभर पाणी पिते अन् थोडं थोडं सोडते.”

“मग असली द्या.”

“कुठून देऊ? पयले मुंगसाचे येत होते. आता बंदी आहे, अन् आहे ते बरं आहे. फॉरेस्टचे साहेब माह्याच दुकानातून खोडरबर नेतात. खारीचा लय नरम, तुही रेघ झोपून जाईन.” ते थोडे पुढे झुकले. “असली गोष्ट सांगू? केसाचं टोक जन्माचं असते. एकदा कैची लागली का संपलं. मंग तो केस नाही, झाडूची काडी.”

“म्हणजे कधीच न कापलेला केस पाहिजे?”

“हो. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर असते पाह्य, जावळ. जा, माग कोणाले!” काका स्वतःच हसले आणि त्यांनी मला शून्य नंबरचा नायलॉनचा ब्रश कागदात गुंडाळून दिला.

मीही हसले. मोहाडीच्या बसमध्ये बसेपर्यंत हसू टिकलं. मग आठवलं की रविवारी आमच्याच घरी भावाच्या मुलाचं जावळ आहे आणि केस झेलायचा मान आत्याचा असतो. आत्या मीच.

मी लगेच मोहात पडले नाही, हे सांगायला हवं. आधी इतर मार्ग पाहिले. स्वतःचे केस तपासले. आठवीपासून दर सहा महिन्यांनी ते पार्लरमध्ये छाटले जातात, त्यामुळे माझ्या एकाही केसाला जन्माचं टोक राहिलेलं नाही. शेजारची मांजर दोन वेळा मांडीवर आली, पण कैची पाहून तिने माझ्याशी ओळखच सोडली. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं की बैलाच्या कानातल्या केसांचेही ब्रश होतात. बैलाने अत्यंत सभ्यपणे कान पुढे केला.

“गोठ्यात काय करून राहिली?” दारात आई उभी.

“काही नाही.”

“कैची घेऊन काही नाही?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. तोही काही बोलला नाही. “परीक्षेचं येवढं टेन्शन नको घेऊ वो माय,” ती म्हणाली आणि संध्याकाळी माझी दृष्ट काढली.

बैलाच्या केसाचा ब्रश मी शाईच्या रिकाम्या रिफिलमध्ये बसवून पाहिला. त्याने सारसाचा पाय काढला तो बैलाचाच.

नवा नायलॉनही आणलाच होता. पहिले दोन दिवस त्याने चांगल्या रेघा दिल्या. अगदी प्रामाणिक, कोणाच्याही शेपटीचं देणं नसलेल्या. तिसऱ्या दिवशी मी तो चुकून टोकावर उभा ठेवला. संपलं.

त्यानंतर मी विचार करू लागले. खारीला कोणी विचारलेलं नसतं. मुंगसाला तर मुळीच नाही. बाळाच्या केसात कोणाचा जीव जात नव्हता, ते तसेही वैनगंगेत जाणार होते. माशांना त्यांचा काय उपयोग? हा युक्तिवाद मी इतक्या वेळा केला की शेवटी तो मला दयाळूपणाचा वाटू लागला.

रीत वहिनीच्या माहेरची, तुमसरची. वस्तरा लावण्याआधी कैचीने मुळापासून पाच बटा काढायच्या. त्या आत्याने पदरात झेलायच्या, कणकेच्या गोळ्यावर ठेवायच्या आणि नदीत सोडायच्या. एक केससुद्धा इकडेतिकडे जाता कामा नये. तो कोणाच्या हाती लागला तर लेकरावर करणी होते म्हणे. वहिनीच्या आईने हे मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. माझ्या डोक्यात तेव्हा रिफिलचं भोक किती मिलिमीटरचं आहे हे चालू होतं.

रविवारी अंगणात चटई पडली. बाळ त्याच्या मामाच्या मांडीवर बसलं. मामा तुमसरच्या राईस मिलमध्ये आहे, चार पोती सहज उचलतो, पण त्या दिवशी भाच्याला धरून घामाघूम झाला होता. केस काढायला आमचे नेहमीचे आबाजी आले होते. त्यांनी बाबांची लग्नातली दाढी केली होती आणि माझंही जावळ काढलं होतं. त्यांचे हात आता चहाची बशी धरताना थरथरतात. वस्तरा धरला की थरथरत नाहीत.

मी साडी नेसून पदर पसरून बसले. पहिली बट पडली, दुसरी पडली. बाळाने असा सूर लावला की सगळे त्याच्याकडे बघू लागले. कोणी डबा वाजवत होतं, कोणी फोनवर गाणं लावत होतं. पाचवी बट मानेवरची होती. तपकिरी, मऊ, खालून जाड आणि वर जाता जाता दिसेनाशी होणारी. मी जिभेला बोट लावून तिला हलकंच ओलं केलं. ती आपोआप मिटली आणि तिला टोक आलं. आयुष्यात इतकं सुंदर टोक मी पाहिलं नव्हतं. ती मी निऱ्यांच्या घडीत खोचली.

आबाजींनी गोटा गुळगुळीत केला, वर हळद लावली. मी बटा कणकेच्या गोळ्यावर ठेवल्या.

“एक, दोन, तीन, चार,” वहिनीची आई म्हणाली. मग परत, बोट लावून: “एक, दोन, तीन, चार. पाचवी कुठं आहे?”

डबा थांबला. बाळसुद्धा थांबलं.

“चारच काढल्या असतीन,” भाऊ म्हणाला.

“पाच! मी मोजून राहिली होती.”

मामाला उभं करून त्याचा शर्ट झटकला. चटई झटकली. माझा पदर मीच झटकून दाखवला आणि त्यातून काही पडलं नाही. कोणीतरी म्हणालं, “कोंबडीनं तं नाही ना खाल्ली?” अंगणात एक कोंबडी होती खरी. दोघांनी तिला घराभोवती दोन फेऱ्या पळवून पकडलं आणि मामाने तिची चोच उघडून फोनचा टॉर्च मारला.

“काही दिसते का?”

“जीभ दिसते.”

“नीट पाह्य.”

कोंबडी सुटली. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू आबाजींकडे वळल्या. ते आबाजींना कळलं. त्यांनी आपणहून धोकटी उघडली आणि एकेक वस्तू चटईवर मांडली: वस्तरा, कैची, अर्धा कंगवा, तुरटीचा खडा, दाढीचा ब्रश.

“हा कायच्या केसाचा आहे?” वहिनीच्या आईने ब्रश उचलला.

“नायलॉन आहे जी.”

“कशावरून? याच्यात मिसळवले असतीन तं?”

“जाळून पाहू,” मामा म्हणाला. कोंबडीच्या तपासानंतर त्याला हुरूप आला होता. “केस असंन तं वास येईन. नायलॉन असंन तं गोळी होईन.”

त्याने ब्रशमधला एक तंतू उपटला आणि काडी पेटवली. आम्ही सगळे वाकलो. तंतू आक्रसला आणि त्याची काळी, मोहरीएवढी गोळी झाली.

“झाली गोळी! नायलॉन आहे.”

“हा एक नायलॉन आहे,” वहिनीची आई म्हणाली. “बाकीच्याचं काय?”

बाबा म्हणाले, “आबाजी, मनावर नका घेऊ.” पण थांबा असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. विहीणबाई होत्या, पहिल्या नातवाचं जावळ होतं.

मामाने दुसरा तंतू उपटला. गोळी झाली. तिसरा. गोळी झाली. आबाजी हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथून उद्या ही गोष्ट बाजारात जाणार, आणि आबाजींना यापुढे कोणी आपल्या लेकराच्या डोक्याला हात लावू देणार नाही, हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही. चौथा तंतू उपटला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “एकेक कायले जाळता बापू? सगळाच जाळा.”

बट माझ्या पोटाला टोचत होती. इतक्या मऊ केसाने टोचू नये, पण टोचत होती. मी नेहमीप्रमाणे मनात इंग्रजीत वाक्य जुळवायला घेतलं. चांगलं, नम्र वाक्य होतं, आधी क्षमा, मग कारण, मग पुन्हा क्षमा. ते अर्धं झालं तोच मामाने अख्ख्या ब्रशखाली काडी धरली, आणि मी उठून उभी राहिले. इंग्रजी वाक्य तिथेच राहिलं.

“नका जाळू!” मी म्हणाले. “बट माह्याजवळ आहे. मले तिचा ब्रश बनवायचा होता. बाबा, मी महिन्याभरापासून लपून चित्रं काढून राहिली, अन् पुढंही काढीन. आबाजीनं काही नाही केलं. नायलॉननं सारसाचे पाय जमत नाहीत.”